गुणांकाचा अर्थ: एका परीक्षेचा इतिहास

परीक्षेचा निकाल हाती आला म्हणजे घरोघर सर्वांत आधी पाहिला जातो तो आकडा. तो किती आहे हे क्षणात कळते. तो काय सांगतो हे मात्र पुष्कळदा कधीच कळत नाही. पाचशे पन्नास गुण मोठे की लहान, याचे उत्तर त्या आकड्यात नसते. ते कितीपैकी मिळाले हा पहिला प्रश्न, आणि तो सर्वांना सुचतो. ते कोणाच्या तुलनेत मिळाले हा दुसरा प्रश्न. तो मात्र फारच थोड्यांना सुचतो. पायलीने मोजलेले जोंधळे आणि उंचीनुसार रांगेत उभी केलेली मुले, यांत एक मूलभूत भेद आहे. पायलीत किती धान्य मावले हे शेजारच्या पोत्यावर अवलंबून नसते; रांगेतील मुलाचा क्रमांक मात्र त्याच्या आजूबाजूला कोण उभे आहे यावरच ठरतो. महाविद्यालयीन प्रवेशासाठी मोठ्या प्रमाणावर घेतल्या जाणाऱ्या प्रमाणित परीक्षांचे गुण बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे असतात, आणि समाज ते पहिल्या प्रकारचे समजून वाचतो. या एका गैरसमजापोटी केवढे अनर्थ ओढवू शकतात, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील ‘सॅट’ या परीक्षेच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील प्रत्येक नामवंत महाविद्यालय आपापली स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत असे. एकाला लॅटिनमधील अमुक ग्रंथ हवा असे, तर दुसऱ्याला ग्रीकमधील तमुक. एकाच वर्गात बसलेल्या दहा मुलांना दहा महाविद्यालयांकडे जावयाचे असले, तर शिक्षकाने शिकवावे तरी काय, असा प्रश्न पडे. या गोंधळाला आळा घालण्यासाठी सन १९०० मध्ये काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक प्रवेशपरीक्षा मंडळ स्थापन केले. हेच पुढे ‘कॉलेज बोर्ड’ या नावाने प्रसिद्धीस आले. जून १९०१ मध्ये मंडळाची पहिली परीक्षा झाली. तीस बसले होते अवघे ९७३ विद्यार्थी. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, रसायन आणि पदार्थविज्ञान अशा नऊ विषयांत त्यांनी सविस्तर उत्तरे लिहिली. त्यांच्या उत्तरपत्रिकांवर जे शेरे पडले, ते ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘संशयास्पद’, ‘सुमार’ आणि ‘अत्यंत सुमार’ अशा शब्दांत होते. वाचणाऱ्यालाही ते शब्द एका मनुष्याचे दुसऱ्या मनुष्याविषयीचे मत म्हणूनच कळत. आकड्याला जी निर्विकार, वादातीत अशी प्रतिष्ठा असते, ती त्यांना नव्हती.

परंतु मत म्हटले की मतभेद आलेच. सन १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांकडे धाडल्या आणि तेथील शिक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. १४२ शिक्षकांनी तपासलेल्या एकाच उत्तरपत्रिकेला कोणी ६४ गुण दिले होते, तर कोणी ९८. भाषेच्या विषयात असे होणारच, असा आक्षेप निघाला. तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेऊन तोच प्रयोग केला. तेथे तर तिसापेक्षा कमी गुणांपासून नव्वदाहून अधिक गुणांपर्यंत सर्व छटा दिसून आल्या. विद्यार्थी एक, त्याचे लिखाण एक, आणि त्याचे भवितव्य मात्र तपासनिसागणिक निराळे! या अन्यायावर तोडगा शोधणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, ही गोष्ट पुढील सर्व वाद ऐकताना ध्यानात ठेवली पाहिजे.

तोडगा सापडला तो दोन प्रवाहांच्या संगमातून. पहिला प्रवाह प्रश्नाच्या स्वरूपाचा. कॅन्ससमधील फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा प्रश्नांचा पुरस्कार केला की, ज्यांचे बरोबर उत्तर एकच असावे आणि विद्यार्थ्याने त्यावर केवळ खूण करावी. अशा उत्तरपत्रिका तपासताना तपासनिसाच्या लहरीला वावच उरत नाही. दुसरा प्रवाह बुद्धिमापनाचा. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ मध्ये जी चाचणी तयार केली, तिचा उद्देश शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना अधिक साहाय्य देणे, एवढाच होता. मनुष्याची बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न बदलणारी राशी आहे, या कल्पनेचा बिनेने निषेधच केला होता. परंतु अटलांटिक ओलांडताना चाचणी तेवढी आली आणि तिच्यासोबतचा इशारा मागेच राहिला.

सन १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा रॉबर्ट यर्किस या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सैनिकांची सामूहिक बुद्धिचाचणी सुरू झाली. साक्षरांसाठी ‘आल्फा’ आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी ‘बीटा’ असे तिचे दोन प्रकार होते. सुमारे सतरा लाख सैनिक या चाचण्यांना बसले. ‘आल्फा’ चाचणीतील काही प्रश्न अमेरिकेच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूंविषयी आणि तेथील प्रसिद्ध खेळाडूंविषयी होते. इटलीतून किंवा पोलंडमधून नुकत्याच आलेल्या तरुणाला ते ठाऊक नसावेत, यात नवल ते काय? पण ते ठाऊक नसणे हे अज्ञान न मानता मंदबुद्धीचे लक्षण मानले गेले.

या कामात यर्किसचा एक साहाय्यक होता कार्ल ब्रिगहॅम. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला. सैनिकांच्या गुणांची छाननी करून त्याने १९२३ मध्ये अमेरिकनांच्या बुद्धिमत्तेविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर युरोपातील वंश श्रेष्ठ, दक्षिण व पूर्व युरोपातील लोक त्यांच्याहून कनिष्ठ, आणि कृष्णवर्णीय सर्वांत खालच्या पायरीवर, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच्याच आकड्यांत एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसत होती. जे परदेशी लोक अमेरिकेत येऊन वीस वर्षे झाली होती, त्यांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या जवळपास होते. जे नुकतेच आले होते त्यांचे कमी होते. भाषा आणि चालीरीती अंगवळणी पडल्या की गुण वाढतात, हा याचा सरळ अर्थ. ब्रिगहॅमने तो घेतला नाही. पूर्वी येणारे लोक हुशार होते आणि अलीकडे येणारे हीन दर्जाचे आहेत, असे त्याने ठरवून टाकले. तुलना कोणाची कोणाशी चालली आहे, हा प्रश्न न विचारल्याचे हे फळ होते. दुसऱ्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कठोरपणे मर्यादित करणारा कायदा केला. त्या कायद्यामागे अनेक कारणे होती. पण वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या वातावरणात तो झाला, त्याला असल्या ग्रंथांनी विज्ञानाचा आधार पुरविला, एवढे खचित.

कॉलेज बोर्डाने नव्या पद्धतीच्या प्रवेशपरीक्षेचे काम याच ब्रिगहॅमकडे सोपविले. २३ जून १९२६ रोजी ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’, म्हणजे विद्यार्जनाच्या योग्यतेची चाचणी, प्रथम घेण्यात आली. आठ हजारांहून काही अधिक विद्यार्थी तीस बसले. ९७ मिनिटांत त्यांनी ३१५ प्रश्नांना सामोरे जावयाचे होते. शब्दांच्या व्याख्या, विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्यांतील साम्य, अंकगणित, संख्यांच्या मालिका, एवढेच नव्हे तर मुद्दाम रचलेली एक कृत्रिम भाषा, असे त्यांचे स्वरूप होते. इतके प्रश्न इतक्या अवधीत सर्वच्या सर्व सोडविणे फार थोड्यांच्या आवाक्यातले होते. आणि त्याची आवश्यकताही नव्हती. प्रत्येकाने किती सोडविले, यापेक्षा इतरांच्या मानाने किती सोडविले, हेच पाहावयाचे होते.

येथेच या परीक्षेच्या गुणांकाचे मर्म आहे. विद्यार्थ्याची किती उत्तरे बरोबर आली, ही संख्या त्याला कळविली जात नसे. सर्व परीक्षार्थींच्या गुणांची सरासरी काढून तिला ५०० हा आकडा द्यावयाचा. गुण या सरासरीच्या दोहों बाजूंस सामान्यतः किती पसरले आहेत हे गणिताने काढून त्या पसाऱ्याच्या मापाला १०० मानावयाचे. आणि या हिशेबाने प्रत्येकाला २०० ते ८०० यांच्या दरम्यानचा एक आकडा द्यावयाचा, अशी ही रीत होती. अशा मोजपट्टीवर साधारणपणे दोनतृतीयांश विद्यार्थी ४०० ते ६०० यांच्या दरम्यान येतात आणि ७०० च्या वर शंभरांत दोघेच जेमतेम पोहोचतात. म्हणजे ५०० हा गुण निम्म्या प्रश्नांची उत्तरे आल्याचे चिन्ह नव्हे. ‘तू मध्यावर उभा आहेस’ एवढेच तो सांगतो. कोणाच्या मध्यावर? तर त्या वर्षी त्या परीक्षेला बसलेल्यांच्या. रांग बदलली की तोच विद्यार्थी पुढे किंवा मागे दिसणार.

ब्रिगहॅमला हे इतर कोणाहीपेक्षा लवकर उमगले, आणि या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रसंग येथेच घडतो. सन १९३० मध्ये त्याने एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून आपल्याच ग्रंथाचे निष्कर्ष मागे घेतले. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या आणि निरनिराळ्या परिस्थितीत वाढलेल्या समूहांची अशा चाचण्यांवरून तुलना करताच येत नाही, आणि ती करणारा स्वतःचा अभ्यास निराधार होता, असे त्याने उघडपणे मान्य केले. विद्वानाने आपली चूक सात वर्षांत जाहीरपणे कबूल करावी, ही गोष्ट कोणत्याही देशात दुर्मिळच. पुढे तो असेही मानू लागला की, चाचणीतील गुणांत शाळेचे शिक्षण, घरची परिस्थिती, इंग्रजीचा सराव अशा कितीतरी गोष्टी मिसळलेल्या असतात. शुद्ध उपजत बुद्धी वेगळी काढून मोजता येते, हा भ्रम आहे. पण ग्रंथ जितक्या वेगाने पसरतो तितक्या वेगाने त्याची माघार पसरत नाही. परीक्षा चालूच राहिली, आणि तिच्या निर्मात्याची शंका मात्र विस्मृतीत गेली.

परीक्षेला बळ मिळाले ते एका उदात्त आकांक्षेतून. सन १९३३ मध्ये जेम्स ब्रायंट कोनंट हा रसायनशास्त्रज्ञ हार्वर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. बोस्टन आणि न्यूयॉर्क परिसरातील मूठभर खाजगी निवासी शाळांमधूनच हार्वर्डचे विद्यार्थी यावेत, हे त्याला मानवेना. देशाच्या अंतर्भागातील सामान्य घरांतील हुशार मुलांसाठी त्याने १९३४ पासून शिष्यवृत्त्या सुरू केल्या, आणि अशी मुले निवडावी कशी, हे शोधण्याचे काम हेन्री चॉन्सी या आपल्या तरुण सहकाऱ्याकडे दिले. चॉन्सीने ब्रिगहॅमची चाचणी सुचविली. इलिनॉय राज्यातील एका शाळेतून याच शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेलेला जेम्स टोबिन हा विद्यार्थी पुढे ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ झाला आणि १९८१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. ज्या वाटा कुळाच्या आणि पैशाच्या बळावर बंद होत्या त्या एका परीक्षेने उघडल्या, हेही या इतिहासाचे एक सत्य आहे. परीक्षेला सरसकट दोष देणाऱ्यांनी टोबिनसारख्यांचा विचार अवश्य करावा.

याच सुमारास यंत्राचेही साहाय्य मिळाले. मिशिगनमधील शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या रेनॉल्ड जॉन्सन याने एक साधी गोष्ट हेरली होती: शिसपेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते. या तत्त्वावर आय.बी.एम. कंपनीने उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र तयार केले. मग डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली आणि १९४२ मध्ये मंडळाच्या जुन्या निबंधात्मक परीक्षा स्थगित झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. अनेक परीक्षासंस्था एकत्र करून एकच मोठी संस्था काढण्याचा विचार कोनंटच्या मनात घोळत होता. त्याला सर्वांत कडवा विरोध केला तो ब्रिगहॅमने. परीक्षा विकणे हाच जिचा व्यवसाय, ती संस्था त्या परीक्षेतील उणिवा शोधणारे संशोधन मनापासून करणार नाही, अशी त्याला धास्ती होती. सन १९४३ मध्ये ब्रिगहॅम निवर्तला आणि डिसेंबर १९४७ मध्ये ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ ही संस्था स्थापन झाली. चॉन्सी तिचा पहिला अध्यक्ष झाला.

दरम्यान मोजपट्टीबाबत एक महत्त्वाचा निर्णय झाला होता. प्रत्येक वेळी त्या त्या परीक्षार्थींच्या सरासरीला ५०० मानण्याच्या रीतीत एक दोष होता. एका वर्षी हुशार विद्यार्थी अधिक बसले, तर त्या वर्षीचा ५०० हा गुण अधिक मोलाचा. दुसऱ्या वर्षी उलट. तेव्हा एप्रिल १९४१ मध्ये परीक्षेला बसलेल्या दहा हजारांहून काही अधिक विद्यार्थ्यांचा समूह हाच कायमचा आधार मानण्यात आला. पुढील प्रत्येक परीक्षेत जुन्या परीक्षेतील काही प्रश्न मिसळून नव्या गुणांची जुन्यांशी सांगड घातली जाऊ लागली. त्यामुळे १९५१ चा ५०० आणि १९६१ चा ५०० यांचा अर्थ एकच राहिला. ही सोय खरोखरच मोठी होती. पण आता प्रत्येक विद्यार्थी अदृश्यपणे १९४१ च्या त्या रांगेशेजारी उभा केला जात होता. आणि ती रांग प्रामुख्याने ईशान्य अमेरिकेतील होती, तिच्यात खाजगी शाळांतील मुलांचा भरणा फार मोठा होता. १९७५ साली दक्षिणेतील एखाद्या खेड्यातील मुलीला ४३० गुण मिळाले, तर ते कोणाच्या तुलनेत मिळाले, हे तिच्या गुणपत्रिकेवर छापलेले नसे.

युद्धोत्तर काळात महाविद्यालयांची दारे रुंदावली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य देणारा कायदा १९४४ मध्ये झाला होता. सन १९५९ मध्ये आयोवा विद्यापीठातील एव्हरेट लिंडक्विस्ट याने ‘ॲक्ट’ नावाची दुसरी प्रवेशपरीक्षा सुरू केली. तिचा भर उपजत योग्यतेपेक्षा शाळेत शिकलेल्या विषयांवर होता. परीक्षांचे महत्त्व वाढले तशी शिकवणी आली. ब्रुकलिनमध्ये स्थलांतरितांच्या कुटुंबात वाढलेला स्टॅन्ली कॅप्लन हा शिक्षक १९४६ पासून आसपासच्या मुलांना या परीक्षेची तयारी करून देऊ लागला. चाचणी योग्यतेची असल्यामुळे शिकवणीने गुण वाढत नाहीत, असे परीक्षासंस्था अनेक वर्षे ठासून सांगत होती. कॅप्लनचे वर्ग मात्र भरतच गेले. अखेर १९७९ मध्ये अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने केलेल्या चौकशीत काही वर्गांच्या शिकवणीने गुणांत थोडीशी पण खरी भर पडते, असे दिसून आले. जे शिकवता येते ते उपजत कसे, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

प्रश्नांच्या शब्दांतही समाज लपलेला असतो. या परीक्षेतील एका गाजलेल्या प्रश्नाचे उत्तर नौकांच्या शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका विशिष्ट शब्दावर अवलंबून होते. सागरतीरी सुट्ट्या घालविणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांना तो शब्द घरीच ऐकू येई. शहरातील दाट वस्तीत वाढलेल्या मुलाला तो शब्दकोशातच भेटला तर भेटे. तो प्रश्न दोन मुलांच्या तर्कशक्तीची तुलना करावयास निघाला होता. प्रत्यक्षात तो त्यांच्या सुट्ट्यांची तुलना करीत होता. शब्दांच्या जोड्यांतील साम्य विचारणारे हे प्रश्न पुढे २००५ मध्ये परीक्षेतून काढून टाकण्यात आले.

सन १९६३ नंतर आणखी एक वादळ उठले. परीक्षेची राष्ट्रीय सरासरी वर्षानुवर्षे घसरू लागली. चौदा वर्षांत भाषेच्या विभागात ४९ आणि गणितात ३२ गुणांची घट झाली, तेव्हा देशाची बुद्धी खालावली, शाळा बिघडल्या, तरुण पिढी वाया गेली, असा आक्रोश सुरू झाला. माजी मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७७ मध्ये या प्रश्नाचा अहवाल दिला. त्यातील सर्वांत मोलाचा भाग असा की, साधारण १९७० पर्यंतच्या घसरणीचा बराच मोठा वाटा हा परीक्षार्थींचा समूहच बदलल्यामुळे होता. पूर्वी ज्यांना महाविद्यालयाचे नावही काढता येत नसे, अशा गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुले आता परीक्षेला बसू लागली होती. दरवाजा उघडला म्हणून सरासरी उतरली. आणि लोक मात्र दरवाजा उघडल्याचे विसरून उतरलेल्या सरासरीकडेच पाहत राहिले. १९७० नंतरच्या घसरणीला निराळी कारणे होती. शाळांतील सैल झालेला अभ्यासक्रम, वाचनाची ओसरलेली सवय आणि दूरचित्रवाणी यांचा समितीने त्यात उल्लेख केला. एकाच उतरत्या रेषेचे दोन भाग, आणि त्यांचे अर्थ परस्परांहून अगदी भिन्न!

सरासरी आता मध्यबिंदूच्या बरीच खाली येऊन बसली होती. तेव्हा एप्रिल १९९५ पासून १९४१ ची जुनी मोजपट्टी बाजूस सारून १९९० च्या शालान्त विद्यार्थ्यांना आधार मानण्यात आले. या एका हिशेबाने भाषेच्या विभागातील जुना ५०० हा गुण नव्या पट्टीवर सुमारे ५८० झाला, आणि जुन्या ७३० च्या वरचे सर्वच ८०० वर जाऊन पोहोचले. एका रात्रीत कोणाचेही इंग्रजी सुधारले नव्हते. भारतात शेर जाऊन किलो आला, तेव्हा गृहिणीच्या डब्यातील तांदूळ काही कमीजास्त झाले नाहीत. तशातलाच हा प्रकार. तरीही पुष्कळांनी तो परीक्षा सोपी झाल्याचा पुरावा मानला. याच दशकात परीक्षेच्या नावातील ‘योग्यता’ हा शब्दही गळून पडला, आणि अखेरीस ‘सॅट’ ही तीन अक्षरे कोणत्याच शब्दांचा संक्षेप नाहीत, असे जाहीर झाले. ब्रिगहॅमची शंका नावापुरती तरी मान्य व्हावयास सहा दशके लागली.

मग असा गुणांक वाचावा कसा? या शंभर वर्षांच्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तो कोणत्या समूहाच्या तुलनेत आहे हे आधी विचारावे. गुणपत्रिकेवर छापला जाणारा ‘पर्सेंटाइल’, म्हणजे शततमक, हेच सांगण्यासाठी असतो. पंचाहत्तरावा शततमक म्हणजे शेकडा पंचाहत्तर उत्तरे बरोबर असा अर्थ नसून शंभरांतील सुमारे पंचाहत्तर परीक्षार्थी त्याच्या मागे आहेत, एवढाच होय. दुसरी, तो काटेकोर बिंदू नसून एक पट्टा आहे. तोच विद्यार्थी पुढच्या महिन्यात पुन्हा बसला तर एकेका विभागात तीसएक गुणांचा फरक सहज पडतो. म्हणून ६१० गुणांचा विद्यार्थी ५९० गुणांच्या विद्यार्थ्याहून श्रेष्ठ, असे म्हणण्यास आधार नाही. तिसरी, तो एकटा पुरेसा नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी कसा निभावेल याचा अंदाज शाळेतील वर्षानुवर्षांची प्रगती आणि परीक्षेचे गुण एकत्र पाहिले असता जितका चांगला येतो, तितका त्यांतील कोणतेही एकच पाहून येत नाही. काही तासांची परीक्षा आणि चार वर्षांची मेहनत यांची साक्ष एकमेकींना पूरक असते.

अलीकडच्या काळाने या पाठाची पुन्हा एकदा उजळणी केली. सन २०२० च्या महामारीत परीक्षाकेंद्रे बंद पडली आणि अमेरिकेतील बहुसंख्य नामवंत महाविद्यालयांनी गुण सादर करणे ऐच्छिक केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०२१ मध्ये प्रवेशासाठी ते पाहणेच सोडून दिले. गरिबांवरील एक अन्याय दूर झाला, असे अनेकांना वाटले. परंतु मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने २०२२ मध्ये, आणि डार्टमथ व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा आवश्यक केली. डार्टमथच्या पाहणीत जे आढळले ते विचार करावयास लावणारे होते. साधनहीन शाळांतील काही विद्यार्थ्यांनी १६०० पैकी सुमारे १४०० गुण मिळवूनही ते कळविलेच नव्हते. श्रीमंत शाळांतील मुलांच्या मानाने हे गुण कमी दिसतील, अशी त्यांना भीती होती. वस्तुतः ज्या शाळेत १४०० पर्यंत क्वचितच कोणी पोहोचते, तेथील मुलाचे ते गुण त्याच्या कर्तृत्वाची ठळक साक्ष होते, आणि महाविद्यालय ती साक्ष आनंदाने ऐकणार होते. स्वतःची तुलना कोणाशी होणार आहे हे न कळल्यामुळे त्या मुलांनी आपल्या हातातील सर्वोत्तम पुरावा आपणच दडवून ठेवला. एके काळी प्राध्यापकाने केलेली चूक आता विद्यार्थी स्वतःविषयी करीत होते.

भारतीय वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीची ‘जेईई मेन’ ही परीक्षा २०१९ पासून अनेक दिवसांत आणि अनेक पाळ्यांत होते व तिचा निकाल शततमकांत लागतो. महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतही तीच पद्धत रूढ झाली आहे. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका निराळी, कोणती सोपी तर कोणती अवघड; म्हणून विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच पाळीतील सोबत्यांशी केली जाते. एखाद्याला शंभर शततमक मिळाले म्हणजे त्याची सर्व उत्तरे बरोबर आली असे नव्हे; त्या पाळीत त्याच्या पुढे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आणि दहा लक्ष परीक्षार्थींच्या रांगेत अर्ध्या शततमकाचे अंतर म्हणजे पाच हजार मुले, हेही तितकेच खरे. निकालाच्या दिवशी पंचाण्णव शततमक पाहून पेढे वाटणारे आणि पंच्याऐंशी पाहून मुलाशी अबोला धरणारे, असे दोघेही पालक त्या आकड्याला शेकडेवारी समजून वाचत असतात. एकाच्या पदरी पुढे निराशा येते आणि दुसऱ्याच्या घरी विनाकारण दुःख.

परीक्षा नसावी, असे हा इतिहास सांगत नाही. परीक्षा नव्हती तेव्हा कुळ होते, ओळख होती आणि तपासनिसाची लहर होती. टोबिनसारख्या मुलाला त्यांतून वाट मिळाली नसती. सामान्य माणसाच्या मुलाला जगाने दखल घ्यावी असे सांगणारे जे थोडे पुरावे हाती असतात, त्यांत परीक्षेचा गुणांक आजही आहे. मात्र पुरावा हा पुरावाच राहावा. त्याने न्यायाधीशाच्या आसनावर बसू नये. १९०१ च्या तपासनिसाने उत्तरपत्रिकेवर ‘संशयास्पद’ असा शेरा लिहिला, तेव्हा तो एका मनुष्याने लिहिला आहे हे सर्वांना दिसत होते. आजचा तीन आकडी गुण यंत्रातून बाहेर येतो, तरी तो कोणा माणसांनी निवडलेल्या प्रश्नांवर, कोणा माणसांच्या रांगेत, एका विशिष्ट दिवशी ठरलेला असतो. तो देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने ही रांग डोळ्यांसमोर ठेवली, तर त्या आकड्यापासून जेवढा लाभ होण्याजोगा आहे तेवढा होईल, आणि जी हानी ब्रिगहॅमच्या हातून एकदा झाली, ती कोण्या मुलाच्या वाट्याला पुन्हा येणार नाही.